कोयनेबरोबर खाली, सावित्रीबरोबर वर

साताऱ्याहून कोकणात उतरायच्या वाटा पुष्कळ. लेक दोन वर्षांची असल्यामुळे आम्ही यावेळी वाट ठरवली ती तिच्या झोपेच्या वेळा बघून. कुंभार्ली घाटानं खाली, गुहागर, धोपावे-दाभोळ जेट्टी, हर्णै, वेसवी-बागमांडला जेट्टी, हरिहरेश्वर आणि आंबेनळीनं वर महाबळेश्वर. दोन घाट, दोन खाड्या. घाट झोपेत काढायचा आणि खाडी जागेपणी, या एकाच सूत्रावर सगळं वेळापत्रक बसवलं.

या वाटेची आणखी एक गंमत आहे. कोयना आणि सावित्री दोघी महाबळेश्वरच्या. कोयनेचं धरणात अडवलेलं पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला पोफळीच्या वीजगृहात पडतं, तिथून कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीला मिळतं आणि दाभोळच्या खाडीत जातं. सावित्री थेट पश्चिमेला उतरून बाणकोटच्या खाडीत समुद्राला मिळते. म्हणजे गाडी बोटीत घालून ओलांडायच्या दोन्ही खाड्यांत साताऱ्याच्या डोंगरातलं पाणी आहे.

निघण्याआधीचं

कार सीट हा पहिला विषय. १४ वर्षांखालचं मूल सीट बेल्ट किंवा बालआसनाशिवाय गाडीत बसवलं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब प्रमाणे १,००० रुपये दंड आहे. पण दंडापेक्षा घाटातली वळणं जास्त बोलतात. मांडीवरचं मूल जोराच्या ब्रेकला हातात राहत नाही. सीट मागच्या बाजूलाच लावायची. जिथून बेल्ट सीटमधून जातो तिथे धरून हलवून बघा, इंचभरापेक्षा जास्त हलली तर पुन्हा आवळा. खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरता येत असेल तर तो सैल आहे. जाड स्वेटर घालून पट्टे लावले की ते घट्ट वाटतात, प्रत्यक्षात ढिले असतात. डिसेंबरात साताऱ्याहून सकाळी निघताना हे हमखास होतं. स्वेटर काढा, पट्टे लावा, वरून शाल घाला.

दुसरा विषय भरती-ओहोटी. कोकणात तोंडी चालणारा हिशेब सोपा आहे: तिथीला पाऊणनं गुणायचं, येईल ती भरतीची अंदाजे वेळ. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे पावणेचारच्या सुमारास पूर्ण भरती आणि त्याआधी किंवा नंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. दोन्ही पक्षांना हाच हिशेब चालतो आणि वेळ रोज पाऊण-एक तासानं पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे मोठी भरती, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती. आम्ही तृतीयेला निघालो, त्यामुळे सकाळी ओहोटी आणि दुपारनंतर भरती असा साधारण क्रम मिळाला. जेट्टी, किनारा आणि हरिहरेश्वरची प्रदक्षिणा, तिन्ही गोष्टी यावर ठरतात.

औषधांच्या पिशवीत ओआरएस हवंच. मोठं पाकीट पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, छोटं ४.२ ग्रॅमचं पाकीट २०० मिलिलिटरमध्ये. अंदाजानं अर्धं पाकीट ग्लासभर पाण्यात घालायचं नाही, क्षारांचं प्रमाण बिघडतं. कालवलेलं पाणी २४ तासांनी फेकायचं. उलटीचं औषध बालरोगतज्ज्ञांना वजन सांगून आधीच लिहून घ्या. मोठ्यांच्या गोळीचा तुकडा देणं धोक्याचं.

पहिला दिवस: सातारा – कोयनानगर – गुहागर

पहाटे निघायचा मोह टाळला. पहाटे निघालं की मूल सपाट हायवेवर झोपतं आणि ऐन घाटात टक्क जागं होतं. नाश्ता करून साडेनऊला निघालो. नागठाणे, उंब्रज, तिथून उजवीकडे वळून मल्हारपेठ, पाटण. उसाच्या ट्रॉल्यांचा हंगाम असल्यानं उंब्रज ते पाटण पट्ट्यात घाई करून उपयोग नसतो. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर ओव्हरटेक करताना लांबीचा अंदाज चुकतो, कारण मागची ट्रॉली आधी डोळ्यांत भरते आणि पुढची तिच्याआड असते.

कोयनानगरला बाराच्या सुमारास जेवण. ज्वारीची भाकरी, पिठलं, दही. लेकीला दहीभात. जेवण झाल्या झाल्या गाडीत बसवायचं नाही. नेहरू स्मृती उद्यानात पाऊण तास तिला पळू दिलं. पोट थोडं हलकं होतं, पाय थकतात आणि एकच्या सुमारास डोळे मिटायला लागतात. नेमकी तीच घाटाची वेळ.

गाडी लागण्याचा त्रास साधारण दोन वर्षांनंतर सुरू होतो आणि शाळकरी वयात सर्वांत जास्त असतो. कान हालचाल सांगतात, डोळे समोरची स्थिर सीट बघतात, मेंदू गोंधळतो. हातात मोबाइल दिला की हा गोंधळ वाढतो. रडणं थांबावं म्हणून घाटात व्हिडिओ लावणारे आईबाबा वळणागणिक टॉवेल शोधताना दिसतात, ते याच कारणानं. झोपलेल्या मुलाला हा त्रास फारच कमी.

कुंभार्ली उतरताना ज्या गिअरमध्ये घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचं. ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की पॅड तापतात, करपल्याचा वास येतो आणि पेडल मऊ लागायला लागतं. असं झालं तर सुरक्षित जागी थांबून पंधरा-वीस मिनिटं गार होऊ द्या, चाकांवर पाणी ओतू नका, तापलेली डिस्क वाकू शकते. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची हा नियम एसटीचे चालक काटेकोर पाळतात, बाकीचे आपापल्या मूडवर. मुलाला सर्दी असेल तर उतारावर कानात दडे बसतात. मध्ये थांबून दोन घोट पाणी पाजलं की गिळण्यानं कान मोकळे होतात. घाटात बराच वेळ मोबाइलला रेंज नसते, नकाशा आधीच उतरवून ठेवा.

पोफळीशी घाट संपतो आणि हवा एकदम बदलते. साताऱ्यात सकाळी शाल लागली होती, इथे काच खाली केली तर दमट ऊब. चिपळूणला टाकी भरून घेतली, कारण किनाऱ्याच्या रस्त्यावर पंप विरळ आहेत. तिथून गुहागर सुमारे ४५ किलोमीटर.

साडेपाचला समुद्रावर. दुपारची भरती उतरत होती, त्यामुळे सुरूच्या बनापुढे ओल्या, घट्ट वाळूचा रुंद पट्टा मोकळा झालेला. दोन वर्षांच्या मुलासाठी समुद्राची हीच वेळ बरी: पाणी मागे सरतं आहे, वाळू पायाखाली दबत नाही, ऊन उतरलेलं. तरीही हात सोडायचा नाही.

रात्रीचं जेवण एका घरगुती खानावळीत. कोकणातल्या खानावळीत जाऊन बसलं आणि ताट आलं असं होत नाही, दुपारीच फोन करून सांगावं लागतं. खानावळीच्या काकूंनी स्वच्छ सांगितलं, "बाळाचं वेगळं काढून ठेवते हो, पण सांगायला हवं आधी. कालवणात मिरची पडली की मग काही करता येत नाही." लेकीसाठी मऊ भात, तूप आणि बिनतिखटाचं कुळथाचं पिठलं. आमच्यासाठी तळलेली सुरमई आणि सोलकढी. सुरमईचा मधला तुकडा घेतला तर एकच मधला काटा असतो, तो काढून बोटांनी चुरून बघून लहानांना देता येतो. शेपटीकडचा तुकडा आणि मांदेली-बोंबील मात्र मोठ्यांनीच खावेत. सोलकढीत हिरवी मिरची वाटलेली असते. मुलासाठी नुसतं नारळाचं दूध आणि आगळ (कोकमाचा दाट रस) वेगळं मागा.

दुसरा दिवस: धोपावे – दाभोळ – हर्णै

गुहागरहून धोपाव्याचा रस्ता अंजनवेलच्या बाजूनं जातो. साडेनऊला जेट्टीवर, म्हणजे जवळजवळ पूर्ण ओहोटीला. ही फेरी २००३ साली सुरू झाली, राज्यातली अशी पहिलीच. त्याआधी समोर दिसणाऱ्या दाभोळला गाडीनं जायचं तर चिपळूणवरून मोठा वळसा पडायचा. आता पंधरा मिनिटांत पैलतीर.

तिकीट गाडीचं वेगळं, माणसांचं वेगळं. सुटे पैसे ठेवा, रेंज नसली की मोबाइलवरून पैसे जात नाहीत. रविवारी दुपारनंतर परतणाऱ्या गाड्यांची रांग लागते, आठवड्याच्या मधल्या सकाळी रांग नसतेच. ठरावीक वेळा असल्या तरी शेवटच्या बोटीची वेळ त्या दिवशी विचारून घ्यावी.

ओहोटीला धक्क्याचा उतार जास्त तीव्र होतो आणि खालच्या भागावर शेवाळ असतं. इथे दोन गोष्टी बिघडतात. ओल्या भागात थांबलं आणि पुन्हा उचललं की चाक जागच्या जागी फिरतं. आणि जिथे उतार संपून बोटीची लोखंडी फळी सुरू होते त्या कोनात ठेंगण्या गाडीचा पुढचा बंपर घासतो. उपाय: पहिला गिअर, एकसारखा हलका ॲक्सिलरेटर, मध्ये थांबायचं नाही, पुढची गाडी पूर्ण आत गेल्याशिवाय आपण उतारावर यायचं नाही. गाडी भरगच्च असेल तर मोठी माणसं आणि मूल आधीच उतरून चालत चढलेली बरी. कधी सरळ घ्यायला सांगतात, कधी रिव्हर्समध्ये. खलाशाच्या हाताकडे बघायचं, मागच्या हॉर्नकडे नाही.

आत गेल्यावर इंजिन बंद, हँडब्रेक वर, गाडी गिअरमध्ये. आणि मूल गाडीबाहेर. आमच्या शेजारच्या गाडीत एसी लावून बाळाला घेऊन बसलेल्या ताईंना खलाशी म्हणाला, "बाळाला भायेर घ्या ताई. बोटीत गाडी आपली नसते." गाड्या इतक्या खेटून लावतात की दार अर्धंच उघडतं, काही झालं तर पट्टे सोडवून मूल काढायला वेळ मिळत नाही. लाइफ जॅकेट लहान मापाचं आहे का ते विचारा. मोठ्यांचं जॅकेट मुलाला घातलं तर ते वर सरकून मूल खालून निसटतं. उभं राहायचं ते इंजिनाच्या दूरच्या टोकाला, कडेच्या गजांपासून हातभर आत. गजांमधल्या फटी मोठ्यांच्या हिशेबाच्या असतात. लोखंडी डेक दहा वाजताच तापतो, पायात बूट हवेत. भोंगा अचानक आणि मोठा वाजतो, सुटताना कानावर हात तयार ठेवा.

खरा खेळ बोट यायच्या आधी धक्क्याच्या कडेला होता. पाणी उतरल्यामुळे चिखल उघडा पडलेला आणि त्यावर निवट्या. बोटभर लांबीचा मासा, डोळे डोक्याच्या वर, पुढच्या परांवर रेलून बसतो आणि एकदम टुणकन उडी मारतो. पाण्याबाहेर तो राहू शकतो कारण गालफडात पाणी धरून ठेवतो आणि ओल्या कातडीतूनही श्वास घेतो. शेजारी एकच नांगी भलीमोठी असलेले खेकडे, पाऊल वाजलं की सगळे एकदम बिळात. लेक "उली, उली" करत प्रत्येक उडीला टाळी वाजवत होती. बोट चुकली असती तरी चाललं असतं.

दाभोळला उतरल्यावर चंडिकादेवीचं गुहेतलं देऊळ आहे. आत समईचाच उजेड आणि छत बुटकं, लहान मूल घाबरू शकतं. आळीपाळीनं जाऊन आलो. तिथून दापोलीमार्गे मुरूड-हर्णै. दापोलीपर्यंतचा रस्ता चढउतारांचा आणि वळणांचा असला तरी घाटासारखा सलग नाही, मध्ये दोनदा थांबलं की भागतं.

संध्याकाळी हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव. होड्या लागल्या की वाळूवर वाटे पडतात आणि बोली सुरू होते. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. बघण्यासारखं आहे, पण मुलाला खाली सोडण्यासारखं नाही: बर्फाचं पाणी, मासळीची खवलं, टेम्पो रिव्हर्समध्ये येत असतात. बाबागाडी न्यायची नाही, तिची चाकं वाळूत रुततात. पाठीवरची झोळी उत्तम.

तिसरा दिवस: आंजर्ले – वेसवी – बागमांडला – हरिहरेश्वर

सकाळी आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती. आता पूल आहे आणि गाडी वरपर्यंत जाते. हिवाळ्यात इथे सकाळी वारा बोचरा असतो, टोपी घाला. आवारातून दिसणारा समुद्र आणि माडांची गर्दी बघत लेकीनं घावन आणि गूळखोबरं संपवलं. नाश्ता बांधून न्यायचा तर घावन हा पदार्थ बरा. गार झाला तरी मऊ राहतो आणि हात चिकट होत नाहीत.

तिथून मंडणगड तालुक्यातून वेसवी. नकाशा किनाऱ्यालगतचा अरुंद रस्ता जवळचा म्हणून दाखवतो. समोरून एसटी आली की कोणीतरी मागे घ्यावंच लागतं, आणि ते कोणीतरी आपणच असतो. मोठा रस्ता धरलेला बरा. दुपारची झोप या पट्ट्यात झाली.

वेळाससाठी थोडी वाट वाकडी करावी लागते. फेब्रुवारी-मार्चमध्ये ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात त्यासाठी गाव प्रसिद्ध आहे. डिसेंबरात ते नसतं. पण सातारकरांना आणखी एक कारण आहे: हे नाना फडणवीसांचं मूळ गाव. नानांचा जन्म १७४२ सालचा, साताऱ्यातला आणि वाईजवळ मेणवलीचा वाडा त्यांचाच.

वेसवीला तीनला पोचलो, भरती जवळजवळ पूर्ण. तोच प्रकार, पण दाभोळच्या उलट: पाणी धक्क्याच्या वरपर्यंत, फळी आडवी, गाडी सपाटीवर चढवावी तशी चढली. चिखल नाही, निवट्या नाहीत, पण पाण्यावर हिवाळ्याचे पाहुणे सीगल होते. लोक त्यांना वेफर्स आणि शेव फेकतात. तळलेलं, खारट खाणं पक्ष्यांना बाधतं आणि लहान मुलाच्या हातातला घास मारायला ते खाली येतात. बिस्कीट हातात देऊन मुलाला कडेला उभं करू नका.

ही सावित्रीची खाडी. मागे रत्नागिरी जिल्हा, पुढे रायगड. बाणकोटचा किल्ला मागे वर दिसत राहतो.

हरिहरेश्वरला मुक्काम. डास संध्याकाळी साडेसहानंतर फार. मच्छरदाणी मागून घ्या, बऱ्याच घरांत असते पण विचारल्याशिवाय काढत नाहीत.

चौथा दिवस: हरिहरेश्वर – महाड – आंबेनळी – सातारा

हरिहरेश्वरची प्रदक्षिणा कपारीतल्या पायऱ्यांनी खाली उतरून समुद्राच्या खडकांवरून जाते. लाटांनी कोरलेले खडक बघण्यासारखे आहेत, पण ही वाट फक्त ओहोटीची. भरतीत इथे लाटेनं माणसं ओढली गेली आहेत. षष्ठीला ओहोटी साडेदहाच्या सुमारास, म्हणून नऊनंतर वाट मोकळी होती. आधी पुजाऱ्यांना विचारलं, मग एकानं जायचं आणि एकानं लेकीला घेऊन देवळात थांबायचं, नंतर अदलाबदल. मूल कडेवर घेऊन खडकांवरून जायचंच नाही. शेवाळावर पाय घसरला तर दोन्ही हात मोकळे हवेत.

साडेदहाला निघून म्हसळा, गोरेगाव, लोणेरे, महाड. मुंबई-गोवा महामार्गावर सावित्रीचा पूल लागतो. जुना ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला, आत्ताचा पूल २०१७ चा. महाडला जेवण आणि चवदार तळ्याच्या मोकळ्या आवारात पाऊण तास पळापळ. २० मार्च १९२७ चा सत्याग्रह ज्या पाण्यासाठी झाला ते हे तळं. पायऱ्यांकडे मात्र लक्ष ठेवावं लागतं.

पोलादपूरहून महाबळेश्वर सुमारे ४० किलोमीटर, त्यातला बहुतेक आंबेनळी घाट. पावसाळ्यात इथे दरडी येतात, निघण्याआधी रस्ता चालू आहे ना याची पोलादपुरात चौकशी करावी. चढताना त्रास ब्रेकचा नसतो, इंजिन तापण्याचा असतो. भरलेली गाडी, एसी आणि मोठ्या गिअरमध्ये रेटणं एकत्र आलं की तापमानाचा काटा चढतो. एसी बंद करून काचा उघडल्या की फरक पडतो. गार हवेनं मुलाला गाडी लागणंही कमी होतं. लेक प्रतापगडाजवळच्या वाडा गावाच्या फाट्यापर्यंत झोपलेली होती. उठली तेव्हा थंडी परत आली होती.

क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा देवळात पाच नद्यांचं पाणी येतं, त्यात कोयना आहे आणि सावित्रीही. वेळ असेल तर थांबा, पण शनिवार-रविवारी चारनंतर वेण्णा तलावाकडचा रस्ता तुंबतो. साताऱ्याला पाचगणी-वाईवरून न जाता केळघर-मेढा मार्गानं उतरलं की ती गर्दी टळते. केळघरचा उतार जागेपणी पडला, म्हणून मध्ये दोनदा थांबून हवा खायला घातली. एवढ्यावर निभावलं.

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी करायचं काम: गाडीचा तळ आणि चाकांच्या आतल्या बाजू साध्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुवा. खाडीचं खारं पाणी आणि ओली वाळू पत्र्याच्या सांध्यांत राहिली की गंज तिथूनच धरतो. कार सीटचं कव्हर काढून झटका. वाळू बकलात आणि पुढच्या पट्टा ओढायच्या क्लिपमध्ये जाते, मग "टक" असा आवाज न होता बकल अर्धवट बसतं. बकल कोमट पाण्यात बुडवून हलवा, सावलीत वाळवा. तेल किंवा ग्रीस लावू नका, त्यावर धूळ आणखी चिकटते. पट्टे वॉशिंग मशिनमध्ये घालायचे नाहीत, ओल्या फडक्यानं पुसायचे. सगळं परत बसवल्यावर बकल लावून दोन-तीनदा जोरात ओढून बघा.